यादीतला नवरा

गिरिधर पौनीकरांची बायको शेजारच्या कृष्णकांत उमरेडकरांकडे गेली, ही गोष्ट खुद्द गिरिधररावांना शुक्रवारी तलावाजवळच्या म्युनिसिपल शाळेच्या व्हरांड्यात कळली. बायको त्या वेळी घरी भरितासाठी वांगी भाजत बसली होती आणि आपण कुठं गेलो आहोत याची तिला काहीच कल्पना नव्हती.

सदुसष्ट सालची निवडणूक तोंडावर आली होती आणि मतदारांची कच्ची यादी शाळेच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगली होती. ज्याला शंका असेल त्यानं येऊन आपलं नाव पाहावं, चूक असल्यास अर्ज करावा, असा सरकारचा हुकूम होता. मोहल्ल्यात शंका अशी कुणालाच नव्हती. पण गिरिधरराव नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होते आणि कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांनी चष्मा पुसला, आपला घर नंबर शोधला आणि बोट खाली खाली नेलं. 'पौनीकर गिरिधर मारोतराव.' ठीक. त्याखाली, 'पौनीकर तारा गिरिधर.' गिरिधररावांचं बोट थांबलं. तारा ही उमरेडकरांची बायको. मग त्यांनी उमरेडकरांचं घर पाहिलं. 'उमरेडकर कृष्णकांत गणपतराव' आणि त्याखाली, काळ्या शाईत, सरकारी छपाईत, 'उमरेडकर सुमती कृष्णकांत.'

सुमती हे गिरिधररावांच्या बायकोचं नाव होतं.

"पौनीकर, हे तर अदलाबदली झाली गा," मागून आवाज आला. चौकातले पानठेलेवाले आनंदराव त्यांच्या खांद्यावरून यादी वाचत होते. "अन् सरकारनं शिक्का मारला म्हंजे पक्कंच समजा."

गिरिधरराव सायकलवर बसले. आनंदराव पायी निघाले होते, तरी बातमी सायकलच्या आधी मोहल्ल्यात पोचली. ती कशी पोचली हे पानठेल्यावर कधी उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

चूक दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झाली असती तर गिरिधररावांनी ती हसण्यावारी नेली असती. पण कृष्णकांत उमरेडकर म्हणजे त्यांच्या पोटातलं जुनं दुखणं होतं. एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत, पुढं एकच ओटा. भिंतीच्या अलीकडे गिरिधरराव, डोक्यावर मोजके केस आणि दाराशी सायकल. पलीकडे कृष्णकांत, कुरळे केस, लॅम्ब्रेटा स्कूटर आणि सकाळपासून गाणं म्हणणारा ट्रान्झिस्टर. कृष्णकांत सीताबर्डीवर शिवणयंत्रांच्या दुकानात विक्रेता होता. घरोघरच्या बायकांशी गोड बोलणं हे त्याचं कामच, आणि त्या कामाचा पगारही त्याला मिळत असे. सुमतीबाईंची मशीन त्यानंच आणून दिली होती. तिला तेल द्यायला तो अधूनमधून यायचा आणि काहीतरी बोलायचा, आणि सुमतीबाई खळखळून हसायच्या. गिरिधररावांनी सांगितलेल्या एकाही विनोदावर त्या तशा हसल्या नव्हत्या. गिरिधररावांनी विनोद सांगितलेच नव्हते हा मुद्दा वेगळा.

घरी आल्यावर ते थेट चुलीपाशी गेले.

"तुहं नाव कुठं गेलं, माहीत आहे का तुले?"

"कुठं गेलं?" सुमतीबाईंनी वांगं उलटलं.

"उमरेडकराच्या घरात. कृष्णकांताची बायको म्हनून छापून आली तू. अन् त्याची बायको माह्या नावावर आली."

सुमतीबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि त्या हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गिरिधररावांना तेही आवडलं नाही.

"अजी, आलं ध्यानात. देवरावमास्तर आले होते उन्हाळ्यात नावं लिवाले. तवाच झालं असन."

देवरावमास्तर हे फार सज्जन गृहस्थ. परक्या बाईकडे मान वर करून पाहायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकारनं त्यांना घरोघर नावं लिहायला धाडलं, तेव्हा दोघीजणी ओट्यावर कुरड्या वाळत घालत होत्या आणि दोघींचे यजमान कामावर गेले होते. मास्तरांनी वहीत मान घातली आणि दोघींची नावं विचारली. ती दोघींनी सांगितली. मग मास्तरांनी यजमानांची नावं विचारली. आता नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं, ही मोहल्ल्यातली पक्की समजूत. अशा वेळी शेजारणीनं सांगायचं, ही तिथली रीत. सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावून ताराबाईंकडे पाहिलं. ताराबाईंनी ठणठणीत आवाजात सुमतीबाईंच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. मग सुमतीबाईंनी ताराबाईंच्या नवऱ्याचं सांगितलं. मास्तरांनी मान वर केलीच नाही. जो आवाज स्वतःला सुमती म्हणाला होता, त्याच आवाजानं कृष्णकांत म्हटलं, तेव्हा त्यांनी सुमतीपुढं कृष्णकांत लिहिलं आणि तारापुढं गिरिधर. मास्तरही सभ्य, बायकाही सभ्य, आणि सगळ्यांच्या सभ्यतेतून हे असं निघालं.

गिरिधररावांना चूक समजली. पण समजल्यामुळं ती जास्तच झोंबली.

"म्हंजे तू कृष्णकांत म्हनली?"

"म्हनली. ताराबाई कशा म्हनतीन?"

"पूर्न?"

"पूर्न. बापाच्या नावासकट."

"कसं म्हनली? म्हनून दाखव."

"कृष्णकांत गनपतराव उमरेडकर," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांची जीभ कुठंही अडखळली नाही. गिरिधररावांना वाटलं, आपण विचारायलाच नको होतं.

"आता माहं म्हन."

"इश्श. तुमाले काही झालं का आज?"

"त्याचं घेते अन् माहं नाही?"

"अजी, तो काय माहा नवरा आहे का?"

खरं म्हणजे गिरिधररावांचं समाधान व्हायला एवढं उत्तर पुरे होतं. पण मत्सराला समाधान नको असतं, त्याला चघळायला काहीतरी हवं असतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पोरं शाळेत जाऊ लागली, आणि बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. लग्नात तिनं उखाण्यात घेतलं होतं म्हणतात. पण नेमकं त्याच वेळी बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, आणि वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं ते नाव ज्याचं होतं त्याच्या कानापर्यंत आलं नाही. आजवर त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आता त्यांना दुसरं काही सुचेना. आपल्या बायकोनं आपलं नाव एकदा, फक्त एकदा, पण कृष्णकांताचं घेतलं तितक्याच सफाईनं घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत ओट्यावरच्या खांबाला आरसा टांगून दाढी करत होता. गिरिधररावांनी दोघांनी मिळून अर्ज करायची गोष्ट काढली.

"कायले अर्ज करता?" कृष्णकांत साबणाच्या फेसातून म्हणाला. "मत कोनालेही देता येते. नवऱ्याले थोडंच द्याचं आहे?"

"पन हे बरं दिसते का?"

"मले तर काही अडचन नाही गा." मग त्यानं आवाज चढवला. "सुमतीवैनी, काल भरिताचा वास आला. यादीतल्या नवऱ्याले वाटीभर तरी द्याल की नाही?"

आतून सुमतीबाईंचं हसू आलं आणि मागोमाग वाटी आली. वाटी रोजच जात असे. आमटी, भाजी, चटणी, काही ना काही भिंतीपलीकडे जायचं आणि तिकडून काही यायचं. पण गिरिधररावांनी ती वाटी आजवर पाहिली नव्हती. आज त्यांनी ती ओट्यावरून पलीकडच्या दारात जाईपर्यंत डोळ्यांनी पोचवली. तेल जरा जास्तच सुटलेलं दिसलं त्यांना. आपल्या ताटात एवढं नव्हतं असंही वाटलं.

ताराबाई दारात येऊन म्हणाल्या, "मले बी चालते, वैनी. तुमचे यजमान नळावरून पानी भरून देतात. आमचे स्कूटर पुसतात नुस्ते."

सुमतीबाई यावरही हसल्या. त्या वेळी.

गिरिधररावांनी एकट्यानंच अर्ज केला. आवक-जावक कारकुनाच्या हातचा अर्ज तो. 'अर्जदाराची पत्नी नजरचुकीने शेजारी राहणाऱ्या इसमाच्या नावे दाखल झाली असून, ती अर्जदाराच्या नावे परत करण्याचे आदेश व्हावेत', अशी सुरुवात होती. कचेरीतल्या टायपिस्टनं तो टाइप केला आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेतली. पुढं कित्येक दिवस ती प्रत डब्याच्या वेळी हातोहात फिरत होती. गिरिधरराव जवळ आले की सगळे लोणच्याविषयी बोलू लागत.

सुनावणीची तारीख लागली. गिरिधरराव आणि सुमतीबाई सायकलरिक्षानं तहसील कचेरीत गेले. कृष्णकांताचं नाव नोंदीत असल्यामुळं त्यालाही बोलावणं होतं. तो लॅम्ब्रेटावरून आला, मागं ताराबाई. रिक्षा गांधीबागेशी असतानाच त्यांनी हॉर्न वाजवून तिला मागं टाकलं. सुमतीबाईंनी हात हलवला, तो गिरिधररावांनी पाहिला.

नोंदणीचे साहेब बाहेरगावचे होते. टेबलावर अर्जांचा ढीग होता. मेलेल्यांची नावं यादीत होती, जिवंत माणसं आपण जिवंत असल्याचं सांगायला रांगेत उभी होती, आणि साहेबांचा चहा केव्हाच निवला होता.

"अर्जदार कोण?"

"मी, साहेब."

"पत्नीचं नाव?"

गिरिधररावांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे नाव आपण कधी उच्चारलेलंच नाही. घरात ते तिला 'अवं' म्हणत. लोकांत 'घरचे लोक' म्हणत. पोरांशी बोलताना 'तुही माय' म्हणत. अर्जात त्यांनी ते लिहिलं होतं, पण लिहिणं वेगळं. आता चारचौघांत, बायको शेजारी उभी असताना, ते नाव जिभेवर येईना. कानांच्या पाळ्या मात्र तापल्या.

"अर्जात लिहिलं आहे, साहेब."

"लिहिलेलं यादीतही होतं. म्हणून तर तुम्ही इथं आलात. तोंडानं सांगा."

गिरिधररावांनी वर पंख्याकडे पाहिलं. सुमतीबाईंनी पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या वाट पाहत होत्या, हे गिरिधररावांनाही दिसलं. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. शेवटी शेजारधर्म म्हणून कृष्णकांत पुढं झाला.

"सुमती, साहेब."

"तुम्ही यांचे पती?"

"नाही, साहेब. शेजारी."

साहेब त्याच्याकडून सुमतीबाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. तुमच्या पतीचं नाव?"

सुमतीबाईंचा पदर तोंडावर गेला. आणि ताराबाईंनी, सवयीप्रमाणे, ठणठणीत आवाजात सांगितलं, "गिरिधर मारोतराव पौनीकर."

"तुम्ही यांच्या पत्नी?"

"नाही जी. शेजारीन."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे तुमच्यात ज्याचं माणूस त्याला त्याचं नाव येत नाही, आणि शेजाऱ्यांना पाठ आहे. मास्तरांची काय चूक? बाई, बोलू नका. या दोघांतले तुमचे कोण, ते बोटानं दाखवा."

सुमतीबाईंचं बोट पदरातून बाहेर आलं. ते वळेपर्यंत जो क्षण गेला त्यात गिरिधररावांना उगीचच घाम फुटला. बोट त्यांच्याकडे वळलं. साहेबांनी सुमतीबाईंची नोंद दुरुस्त केली आणि कृष्णकांताला विचारलं, "तुमच्या पत्नीसाठी तुमचा अर्ज कुठं आहे? आज मुदत संपते."

"राहू द्या, साहेब," कृष्णकांत हसत म्हणाला. "माझी बायको यादीतून कुठं पळून जाते?"

परतताना रिक्षात सुमतीबाई रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "येवढं नाव नाही घेता आलं तुमाले?"

"तू तरी कुठं घेतलं?"

"मी बाईमानूस. तुमचं आयुष्य कमी होते म्हनून नाही घेत. माहं नाव घेतल्यानं तुमचं काय कमी होत होतं? उमरेडकरभाऊजींनी पाहा, फटकन सांगतलं."

'फटकन' हा शब्द गिरिधररावांच्या कानात घरापर्यंत वाजत आला. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. माणूस जळतो तेव्हा आधी पोटातच जळतो.

दुरुस्त झालेली यादी लागली तेव्हा मात्र गिरिधररावांचं पोट एकाएकी बरं झालं. सुमतीबाई परत आल्या होत्या. पण ताराबाईंसाठी कुणी अर्ज केलाच नव्हता, त्यामुळं त्या होत्या तिथंच होत्या. 'पौनीकर गिरिधर मारोतराव. पौनीकर तारा गिरिधर. पौनीकर सुमती गिरिधर.' आणि उमरेडकरांच्या घरात एकटा कृष्णकांत.

"दोन-दोन, पौनीकर," आनंदराव पान लावता लावता म्हणाले. "अन् स्कूटरवाला कोरा. घ्या, हे पान माह्याकडून."

कृष्णकांत यादी पाहून आला आणि त्याचं हसणं थांबलं. दुसऱ्या दिवशी तो तहसिलीत गेला, मुदत संपल्याचं ऐकून आला. तिसऱ्या दिवशीही गेला आणि तेच ऐकून आला. खांबावरचा आरसा काढून त्यानं आत नेला. ट्रान्झिस्टर बंद झाला. गिरिधरराव ओट्यावर आले की तो "तारा" म्हणून हाक मारू लागला, उगीचच, काही काम नसताना. नव्या वळणाचा माणूस, बायकोला नावानं हाक मारणारा. पण ती हाक आता जरा जास्त मोठी येत असे.

गिरिधररावांच्या चालण्यात फरक पडला. ते डोक्याला तेल लावू लागले, जिथं केस होते तिथं. नळावर आपल्या बादल्यांबरोबर ताराबाईंचीही एक भरून ठेवू लागले. शेजारी म्हणूनच, असं त्यांचं म्हणणं. ताराबाई बादली उचलताना सुमतीबाईंना म्हणाल्या, "मास्तरांनी मले चांगल्या घरी देल्लं बरं, वैनी."

या वेळी सुमतीबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि मशीन चालवू लागल्या. कापड लावलेलं नव्हतं, तरी मशीन जोरात चालली. दुसऱ्या दिवसापासून पलीकडे जाणारी वाटी बंद झाली.

"आता नळावर मी जाईन," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"तुमची कंबर दुखन."

गिरिधररावांची कंबर कधी दुखली नव्हती. त्यांना यातलं काही कळलं नाही, हे त्यांचं दुर्दैव. आपल्याला इतके दिवस जे होत होतं तेच आता घरात दुसऱ्या कुणाला होत आहे, एवढी साधी गोष्ट त्यांना दिसली असती तर त्यांनी आणखी दोन बादल्या भरल्या असत्या.

फेब्रुवारीत मतदान आलं. शाळा तीच, व्हरांडा तोच. पुरुषांची एक रांग, बायकांची एक रांग, दोन्ही एकाच खोलीच्या दाराशी येऊन थांबत होत्या. आत टेबलाशी बसलेले कर्मचारी यादीतलं नाव मोठ्यानं वाचत, म्हणजे पक्षांच्या माणसांना ऐकू जावं आणि कुणी दुसऱ्याच्या नावावर मत टाकू नये. बायकांच्या रांगेत पुढं ताराबाई, ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलेल्या. मागं सुमतीबाई. पुरुषांच्या रांगेत दारापाशी गिरिधरराव, आणि त्यांच्यामागं, तोंड फिरवून, कृष्णकांत.

"पौनीकर तारा गिरिधर," कर्मचाऱ्यांनी वाचलं.

"हाव," ताराबाई म्हणाल्या.

"पतीचं नाव सांगा, बाई."

सकाळपासून या एका प्रश्नानं त्या कर्मचाऱ्यांचा जीव नकोसा केला होता. एकही बाई नाव सांगत नव्हती. कुणी मागच्या बाईकडे पाहायची, कुणी भिंतीकडे, कुणी 'यादीत पाहून घ्या' म्हणायची. पण ताराबाईंना अडचण कसली? नाव शेजाऱ्याचं होतं.

"गिरिधर मारोतराव पौनीकर," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

"शाबास," कर्मचारी म्हणाले. "सकाळपासून या एका बाईनं नवऱ्याचं नाव नीट सांगितलं."

"खोटं आहे."

आवाज मागून आला. कर्मचाऱ्यांनी मान वर केली.

"खोटं आहे," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांचा पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. "गिरिधर माहे आहेत. गिरिधर मारोतराव पौनीकर. यादी काही म्हनो अन् मास्तर काही लिवो. गिरिधर माहे आहेत, ताराबाईंचे नाहीत."

दोन्ही रांगा दाराशी दाटल्या. व्हरांड्यातला पोलीससुद्धा आत डोकावला. ताराबाई आधी चकित झाल्या, मग त्यांना हसू आलं, आणि मग शेजारणीचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

"कोण हे गिरिधर?" कर्मचाऱ्यांनी विचारलं.

गिरिधरराव रांगेतून पुढं आले. या वेळी बँड वाजत नव्हता. त्यांनी एकेक अक्षर ऐकलं होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं होतं.

"मीच तो," ते म्हणाले.

कर्मचाऱ्यांनी दोन्ही बायकांकडे पाहिलं, यादीत दोघींची नावं त्याच घरात पाहिली, आणि नागपुरात असंही असतं अशी मनाची समजूत घालून घेतली. "बाई, यादीत दोघींचंही नाव आहे. दोघी मत द्या. बाकीचं घरी पाहा."

दोघींच्या बोटांना शाई लागली. गिरिधररावांच्याही लागली. ते पडद्यामागं गेले, त्यांनी शिक्का मारला, घडी घातली, मतपत्रिका पेटीत टाकली आणि बाहेर आले. शिक्का नेमका कुठल्या चित्रावर मारला हे त्यांना बाहेर आल्यावर आठवेना. पुढं निकाल लागला तेव्हाही आठवलं नाही, आणि त्यांनी आठवायचा प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी सुमतीबाई पुन्हा वांगी भाजत होत्या आणि मधूनच डोळ्यांना पदर लावत होत्या. आधीच्या वांग्यांच्या भरितावर जेवायला बसलेल्या गिरिधररावांना ते धुरानं असेल असं वाटलं.

"तीनदा घेतलं मी," त्या म्हणाल्या. "रागात भान बी नाही राहिलं. आता शनवारी मारोतीले तेल घालीन. तुमाले काही झालं तर?"

"काही होत नाही."

"तुमाले काय समजते?"

भिंतीपलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग कृष्णकांताचा आवाज आला. दबका होता, पण भिंत जुनी होती.

"त्याचं घेतलं ना सर्व्याईसमोर? पूर्न? बापाच्या नावासकट?"

"मंग काय करू? त्याईनं विचारलं," ताराबाईंचा आवाज.

"आता माहं म्हन."

"इश्श."

"मी तुले नावानं हाक मारतो का नाही? मंग एकदा म्हन ना, तारा. एकदाच."

"तुमाले काही झालं का आज?"

गिरिधररावांचा घास हातातच राहिला. हे सगळं त्यांनी ऐकलेलं होतं, किंबहुना त्यांनी स्वतःच म्हटलेलं होतं. पोटातलं दुखणं भिंत ओलांडून पलीकडे गेलं होतं, आणि ते रात्रीचं कसं झोपू देत नाही हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी घास ताटात ठेवला. कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या, पण या वेळी त्यांनी पंख्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या घरात पंखा नव्हताही.

"सुमती," ते म्हणाले. "उमरेडकरले वाटीभर भरीत देऊन ये."

सुमतीबाईंच्या हातातला चिमटा चुलीवर तसाच राहिला. एक वांगं त्या दिवशी जरा जास्त भाजलं गेलं. मग त्या उठल्या, त्यांनी मोठी वाटी काढली, तिच्यात भरीत घातलं, वरून तेल सोडलं, आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या.

"काय म्हनले तुमी?"

"भरीत देऊन ये म्हनलं."

"त्याच्या आधी?"

गिरिधररावांनी मान खाली घातली आणि ते जेवू लागले.